आजची हवा

त्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला तो एका सहा मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी बाई हसली. एकवीस वर्षं तो लिफ्टची तपासणी करत आला होता. टपावर उभं राहायचं, खटका दाबून वीत-वीत वर सरकायचं, बॅटरीच्या उजेडात पोलादी दोर न्याहाळायचे, कुठे एखादी तार तुटून कुसळासारखी बाहेर आलीय का बघायचं आणि वहीत पेन्सिलीने टिपून ठेवायचं. या कामात लोकांची घरं मागच्या बाजूने ऐकू येतात. रडणारी तान्ही मुलं, रेडिओ, फोनवर बिनदिक्कत थापा मारणारी माणसं. त्यातलं काही तो मनावर घेत नसे. पण हे हसणं पोटातून आलेलं होतं, ते आवरायचा कसलाही प्रयत्न नव्हता, आणि ते संपता संपता नाकातून एक बारीक फुर्र असा आवाज निघाला, तसा त्या काळोखात, वंगणाच्या वासात, तोही एकटाच हसला. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "पान लपवलंत तुम्ही. मांडीखाली. उठून दाखवा." आणि बाई म्हणाली, "गुडघे दुखतात हो माझे. म्हाताऱ्या बाईला उठवता?" आणि पुन्हा तेच हसणं, पुन्हा फुर्र. तो आवाज त्याच्या आईचा होता. गुडघे दुखतात हे शब्द तर तो रोज सकाळी ऐकत होता.

"साहेब, घेऊ का खाली?" वरच्या यंत्राच्या खोलीतून मिस्त्रीने विचारलं. तो "थांब जरा" म्हणाला आणि तसाच उभा राहिला. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ त्याच्या बुटांवर पडली होती. पलीकडे पत्ते पिसल्याचा आवाज आला. चव्वेचाळीस वर्षांत त्याने आईचं हे हसणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. ती हसत नसे असं नाही. पाहुणे आले, नात काही बोलली, की ती ओठांनी हसायची. पण हे हसणं म्हणजे बंद ठेवलेली एखादी खोलीच होती, आणि तिथे दिवे लावून कुणीतरी परकी माणसं बसली होती. आपल्याला बरं वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. अडुसष्ट वर्षांची विधवा आई कुठेतरी खुशीत बसलीय, पत्त्यांत लबाडी करतेय. शहाण्या मुलाला बरंच वाटलं असतं. त्याच्या मनात मात्र एवढंच येत राहिलं, हे आम्हाला का नाही मिळालं. त्याने अहवाल लिहिला, दोर ठीक, दरवाज्याची कुलपं ठीक, आणि दार न वाजवता जिन्याने उतरून गेला.

आई दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयात जाते, असं घरात सगळे म्हणत. कचेरीकडे चालताना त्याला हेही आठवलं की वाचनालयातून आईने शेवटचं पुस्तक कधी आणलं, ते सांगता येणार नाही. बसथांब्यावर तो उभा राहिला, दोन बस गेल्या, तो चढला नाही. लहानपणी शाळेतून घरी येताना तो आणि त्याची ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून कान द्यायची. वर स्वयंपाकघरात भांडं कसं ठेवलं जातंय यावरून ताई अंदाज सांगायची. "आजची हवा कोरडी." कोरडी म्हणजे आई बोलेल, पण कामापुरतं. दमट म्हणजे बोलणारच नाही, आणि पाठमोरी उभी राहील. ताई त्यात इतकी तरबेज होती की तिसऱ्या पायरीवरच निकाल द्यायची. मग तो त्याप्रमाणे घरात शिरायचा, म्हणजे हवा दमट असली की परीक्षेचे चांगले गुण आधी सांगायचे, फाटलेली चप्पल नंतर दाखवायची. वडील, ज्यांना ती दोघं नाना म्हणत, पाणीखात्यात कारकून होते. ते कधी ओरडले नाहीत. घरात कुणीच कधी ओरडलं नाही. शेजारी म्हणायचे, काय शांत घर आहे हो तुमचं, आणि आई म्हणायची, मुलांसाठी करावं लागतं सगळं. मुलांसाठी राहिले मी. हे वाक्य तिने त्याच्यासमोर किती वेळा म्हटलं असेल? तक्रारीच्या सुरात नव्हे, हवामान सांगावं तसं. त्याचा अर्थ त्याने आठव्या-नवव्या वर्षीच लावला होता, की आपण नसतो तर ही बाई कुठेतरी दुसरीकडे, वेगळीच कुणीतरी असती. शाळेची सहल तीन दिवसांची होती, तेव्हा त्याने सांगितलं होतं की आपल्याला बसमध्ये मळमळतं. त्याला मळमळत नसे. तीन दिवस तो नसला तर आईचं काय होईल, एवढाच प्रश्न होता. ताई मोठी झाल्यावर इतकी लांब राहायला गेली की वर्षाकाठी एक फोन येतो, आणि त्यातही ती सगळ्यात आधी विचारते, आई कशी आहे. ते काळजीने नव्हे, जुन्या सवयीने.

संध्याकाळी दार त्याच्या मुलीने उघडलं. बारा वर्षांची, केस कायम ओले, अंगाला तलावाच्या औषधाचा वास. पोहण्यापायी तिचं नाव बेडकी पडलं होतं आणि तिलाही ते आवडायचं. आत वळण्याआधी ती अर्धा क्षण थांबली आणि तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काही न बोलता पाण्याचा पेला आणून दिला. आई बाल्कनीत बसली होती. "वाचनालय उघडं होतं का?" त्याने विचारलं. "होतं की," आई म्हणाली, नेहमीच्या चेहऱ्याने. तो आत गेला आणि गप्प झाला.

तो असा गप्प झाला की तीन-चार दिवस गप्प असायचा. त्यात राग नसे, निदान तो तसं समजायचा. तो कामावर जायचा, भाजी आणायचा, दिवे बंद करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. आपण घरात कुणाला दुखवत नाही, याचा त्याला आतून अभिमानच होता. पण या वेळी, त्या हसण्याने कान धुऊन निघाल्यासारखे झाले होते आणि त्याला घर ऐकू येऊ लागलं. बायकोने कपाटाचं दार हाताने धरून आवाज न करता लावलं. रेडिओवर बातम्या चालू होत्या, तो खोलीत शिरल्यावर आवाज बारीक झाला. गुरुवारी तो जरा लवकर आला, तर जिन्यातच त्याला आत बेडकी आणि तिची आई मोठमोठ्याने काहीतरी बोलताना ऐकू आल्या, कुणाची तरी नक्कल चालली होती, आणि त्याने किल्ली कुलपात घातली तसं ते बोलणं थांबलं. ते कुणी दचकून थांबवलं नव्हतं. सवयीनेच थांबलं, जसं पाहुणे आले की अंथरूण गोळा करतात. तो दारातच उभा राहिला. बेडकीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, अर्धा क्षण. ती काय बघत होती ते त्याला माहीत होतं. आजची हवा. तिला कुठली ताई नव्हती तिसऱ्या पायरीवर निकाल सांगायला, तेव्हा ती एकटीच हे काम करत होती, आणि किती वर्षांपासून करत होती कोण जाणे.

शनिवारी सकाळी तो बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होता. आई खुर्चीत बसून घड्या घालत होती. दहा-बारा कपडे झाल्यावर ती म्हणाली, "मंगळवारी तू त्या इमारतीत होतास."

त्याने हातातला टॉवेल तसाच धरला.

"लिफ्टवर कागद चिकटवला होता, तपासणीसाठी बंद म्हणून. खाली तुझी सही. तीन जिने उतरून आले मी, या गुडघ्यांनिशी."

"कोण आहेत ते?"

"नकाशे काढायचे सरकारी खात्यात. आता पत्ते खेळतात. आणि इतकी वर्षं नकाशे काढून गल्लीतला किराणावाला सापडत नाही त्यांना, मीच दाखवला." ती थोडं थांबली. "वाचनालयातच भेटले. म्हणजे मी अगदीच खोटं बोलले नाही."

त्याला बरंच काही विचारायचं होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच. "तू तशी हसतेस, हे मला माहीत नव्हतं."

आईने एका सदऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मीही विसरले होते," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे ना, मी दवाखान्यात परिचारिका होते तेव्हा एका वर्षाच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती? दुसऱ्या शहरात. परत आले असते तर मुख्य परिचारिका झाले असते. तू चार वर्षांचा होतास, ताई सातची. माझी बहीण येऊन राहायला तयार होती."

"नानांनी नाही म्हटलं."

"त्यांनी आयुष्यात मला कधी नाही म्हटलं नाही. जा म्हणाले. आणि दोन दिवस जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी ते पत्र फाडलं, आणि त्या दुपारी ते पोटभर जेवले." ती हे शांतपणे सांगत होती, कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. "तेव्हा मी ठरवलं, या माणसासमोर हसायचं नाही. मी हसले की यांना वाटणार, झालं, मिटलं सगळं. तेवढं समाधान यांना मिळू द्यायचं नाही. हट्टच होता. पण घर केवढं, दोन खोल्यांचं. त्यांच्यापुरतं कुठे जमतं ते? राग त्यांच्यावर होता आणि उपाशी तुम्ही दोघं राहिलात."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. पुन्हा पुन्हा तोच खरखराट. त्याला वाटलं, आता आपण म्हणायला हवं, जाऊ दे आई. ते त्याला म्हणवेना. तो म्हणाला, "मुलांसाठी राहिले म्हणायचीस."

"म्हणायचे. बरं वाटायचं म्हणायला. तुम्ही मागितलं होतं का? नव्हतं मागितलं. आणि तू? दर सुटीला डोंगरावर पळायचास, दोर घेऊन, मित्र घेऊन. बेडकी झाली आणि सगळं बंद. कुणी सांगितलं होतं तुला?"

"लहान होती ती."

"लहान होती. आता बारा वर्षांची आहे. आणि तू गेली बारा वर्षं नानांसारखा जेवत नाहीस." त्याने चमकून पाहिलं. "म्हणजे जेवतोस रे. पण कळतंय तुला मी काय म्हणतेय ते." मग तिने घड्यांचा ढीग बाजूला सरकवला आणि आवाज खाली आणला. "मी सांगणार नव्हते. शब्द दिलाय तिला. पण म्हाताऱ्या माणसांनी शब्द मोडला तर चालतं. तिच्या दप्तरात एक कागद आहे. पोहण्याच्या शिबिरासाठी निवड झालीय, तीन महिने, तिथेच राहायचं, तिथेच शाळा. सोमवारपर्यंत सही हवी. ती नाही म्हणणार आहे. का, विचारलं मी. तर मला म्हणते, आजी, मी गेले तर बाबाशी कोण बोलणार?"

त्याला आईकडे बघवेना. खालची गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची, शनिवारी तिची दुपारची पाळी असे. ती डबा भरत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "मी गप्प होतो का गं?" त्याने विचारलं. तिने झाकण लावलं, मग म्हणाली, "तुला आत्ता कळलं?" "मग तू कधी बोलली नाहीस." "काय बोलणार? तू गप्प असायचास." हे तिने टोमण्याने म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते त्याला लागलं. मग त्याने तिला कागदाचं सांगितलं. ती डबा तसाच ओट्यावर ठेवून खाली बसली. तिलाही माहीत नव्हतं. "मला नाही सांगितलं तिने," ती दोनदा म्हणाली. आणि जरा वेळाने, "माझं तोंड बघूनसुद्धा ती काहीतरी ठरवत असेल." तिने डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, "तूच बोल तिच्याशी. मी बोलले तर ती माझी समजूत काढेल."

दुपारी तो तरणतलावावर गेला. तिथे तो वर्षातून एकदा, स्पर्धेच्या दिवशी जायचा. पायऱ्यांवर बसला. छत उंच, प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येत होता. बेडकी पाण्यात होती. चौथ्या मार्गिकेत, एका लयीत, तोंड बाजूला वळवून श्वास घेत. भिंतीला पाय लावून उलटी फिरताना ती जेव्हा क्षणभर पाण्याखाली नाहीशी व्हायची, तेव्हा तिचं शरीर इतकं मोकळं, इतकं बिनधास्त दिसायचं, की ही आपल्या घरात कपाटं हळू लावणारी मुलगी आहे यावर त्याचा विश्वास बसेना. पाण्याखाली कुणाचं तोंड दिसत नाही. ती वर आली, तिला तो दिसला, आणि लगेच, इतक्या लांबूनही, ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

टॉवेल गुंडाळून ती शेजारी येऊन बसली. "काय झालं?"

"आजीने सांगितलं."

"आजी फुटली म्हणजे," ती म्हणाली. मग पायाची बोटं हलवत, "मला जायचंच नव्हतं. थंडी असते तिथे."

हे बसमध्ये मळमळतं या जातीचं होतं. तो आपलं खोटं इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होता. "मला का नाही सांगितलंस?"

"असंच."

"मी चिडलो असतो?"

"तू चिडत नाहीस. तू गप्प होतोस." ती पाण्याकडे बघत होती. "चिडलास तर बरं होईल. चिडलेलं माणूस कधीतरी थांबतं. गप्प कधी संपलं ते कळत नाही."

त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं, तू गेलीस तर मला आनंदच होईल. ते चांगलं वाक्य होतं, बापाने म्हणावं असं. पण ती बाजूने त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेतून ते सुटलं नसतं, जसं त्याच्या नजरेतून आईचं ओठांवरचं हसू कधीच सुटलं नव्हतं. नाना जा म्हणाले होते. जा म्हणणं सोपं असतं.

"तू गेलीस की मला वाईट वाटेल," तो म्हणाला. "खूप वाईट वाटेल. संध्याकाळी घरी आल्यावर जास्त."

तिचा चेहरा लगेच बदलला. "मग नको ना—"

"ऐकून घे. वाईट वाटेल ते माझं. मी मोठा माणूस आहे, मला झेपेल. नाही झेपलं तर मी आईशी बोलेन, आजीशी बोलेन. तू त्याचं काही करायचं नाहीस. तू काही करू शकत नाहीस, बेडके. मी लहानपणी पुष्कळ करून बघितलं. काही उपयोग होत नाही."

"तू काय करायचास?"

तो सांगू लागला. जिना, ताई, भांड्यांचे आवाज, कोरडी हवा आणि दमट हवा. त्याला वाटलं होतं ती गंभीर होईल. पण ती ऐकता ऐकता एकदम म्हणाली, "मी पण किल्लीवरून ओळखते. तू किल्ली एकदम फिरवलीस तर ठीक. थांबून फिरवलीस तर गेलं." हे तिने एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला सांगावं तसं सांगितलं, थोड्याशा फुशारकीने, आणि त्याला पायरीची कडा घट्ट धरून बसावं लागलं.

"आणि तू गप्प झालासच तर?" तिने विचारलं.

"तर होईन. एका दिवसात नाही सुटणार ते. पण ते तुझ्यामुळे नसेल."

शिकवणाऱ्या बाईंनी लांबून शिट्टी वाजवली. बेडकी उठली, दोन पायऱ्या उतरली आणि मागे न बघता, जवळजवळ गुन्हा कबूल करावा तसं, पुटपुटली, "मला जायचंय." सराव संपल्यावर त्याने सही तिथेच केली. तिने कागद ओल्या हाताने दप्तरातून काढल्यामुळे शाई पसरली आणि सही वाचता येण्यासारखी राहिली नाही.

मधल्या तीन आठवड्यांत फार काही बदललं असं म्हणता येणार नाही. एका संध्याकाळी, कचेरीत कुणाशी तरी वाजलं होतं, तो घरी येऊन नेहमीसारखा आत मिटत गेला, आणि जेवताना त्याच्या लक्षात आलं की ताटांचे आवाज बंद झालेत. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "आज मी गप्प आहे. कामावरचं आहे. तुमच्यापैकी कुणामुळे नाही." तिघीही त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू घरातलं कपाटच बोललं. मग आई म्हणाली, "बरं," आणि बायकोने विचारलं, "काय झालं कामावर?" तो अर्धवट, अडखळत सांगू लागला. सांगताना गोष्ट इतकी किरकोळ वाटली की त्याला लाज वाटली. पण बेडकीने मध्येच दुसरं काहीतरी काढलं आणि त्याचं संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं.

ती निघाली त्या दिवशी मंगळवार होता. आईने नातीला घरीच जवळ घेतलं, तिच्या पिशवीत लोकरीचे मोजे कोंबले आणि सांगितलं, "मी थांब्यावर येत नाही. मला खेळायला जायचंय, आणि रडून गेले तर तो नकाशेवाला जिंकतो." बसथांब्यावर तो आणि त्याची बायको गेली. दहा-बारा मुली, तितकेच आईबाप, पिशव्यांचा ढीग. त्याने सकाळपासून एक चेहरा तयार करून ठेवला होता. हसराही नाही, रडवाही नाही, तिला खिडकीतून दिसेल तेव्हा तिला काही ठरवावं लागू नये असा. दाढी करताना आरशात त्याने तो दोनदा तपासलाही होता. बेडकी चढली. तिसऱ्या खिडकीत बसली. शेजारच्या मुलीने तिला काहीतरी दाखवलं, आणि ती तिच्याकडे वळून बोलू लागली, हातवारे करून, भरभर. बस सुरू झाली. तो खिडकीच्या रेषेत चार पावलं चालला. तिने खिडकीकडे पाहिलं नाही. बस वळली, ओल्या केसांचा मागचा भाग दिसला, आणि मग बसच दिसेनाशी झाली.

"बघितलं नाही तिने," बायको म्हणाली.

"नाही."

"विसरली."

"हो," तो म्हणाला, आणि त्याला आधी अपमान झाल्यासारखं वाटलं, खरंखुरं, लहान मुलासारखं. मग तो तयार करून ठेवलेला चेहरा त्याच्या तोंडावरून आपोआप सुटला. बाकीचे आईबाप पांगत होते. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, आणि बायको बघत होती तरी तिने रुमाल दिला नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. ती नुसती थांबली, त्याचं होईपर्यंत.

मग थांब्यावरच्या बाकड्यावर ती दोघं बसली. घरी जायला हवं असं नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे जायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं. "तुझी पाळी कितीला आहे?" त्याने विचारलं.

"नाही आज. रजा घेतलीय."

"का?"

बायकोने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "विचारलंस म्हणून सांगते," ती म्हणाली, आणि तिने पर्स मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. मग ती सांगू लागली. दुकानाबद्दल, तिथल्या त्या खिडकी नसलेल्या मागच्या खोलीबद्दल, गेल्या वर्षी तिने सोडायचं ठरवलं होतं आणि सोडलं नव्हतं त्याबद्दल, आणखी मागच्या कसल्याशा उन्हाळ्याबद्दल. त्यातलं निम्मं त्याला नवीन होतं. समोर एक बस आली, भरली, गेली. दुसरी आली. ती सांगत होती.